आठव्या ओळीतील वळण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुनीत म्हटले की आपणांस केशवसुत आठवतात आणि त्यांच्यामागोमाग शार्दूलविक्रीडित: १९ अक्षरे, बाराव्यावर यती, लघुगुरूंचा क्रम ठरलेला. इंग्रजी सुनीताची ओळ १० अक्षरांची. तेथे लघुगुरू नव्हे, आघात मोजतात. एक अक्षर हलके, एक ठासून, अशा पाच जोड्या. हा नियम आपल्या वृत्ताहून सैल आहे, आणि कवीची करामत त्या सैलपणातच असते.

मिल्टनने स्वतःच्या अंधत्वावर लिहिलेले सुनीत आम्ही आज निवडले आहे. १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पुरती गेली होती. ही कविता छापली गेली १६७३ मध्ये. बांधणी इटालियन धाटणीची. पहिल्या आठ ओळींत दोनच यमके, पुढील सहांत तीन. संकेत असा की, आठ ओळींत प्रश्न मांडावा आणि नवव्या ओळीला वळावे. आम्हांलाही शाळेत 'आठ आणि सहा' एवढेच पाठ करविले होते.

मिल्टन तो संकेत मोडतो. देणगी दिली, दृष्टी मात्र नेली, आता देव कोणत्या कामाचा हिशेब मागणार? ही तक्रार एकाच लांब वाक्यात, ओळींचे काठ ओलांडीत धावत येते आणि आठव्या ओळीच्या चौथ्या अक्षरावर संपते. तेथेच सबुरी बोलायला पुढे होते. अर्थ वळला, पण यमक वळलेले नाही. उत्तराचा आरंभ तक्रारीच्याच यमकात अडकलेला आहे. त्या ओळीचा शेवटचा शब्द 'प्रिव्हेंट'. आज त्याचा अर्थ रोखणे एवढाच उरला. मिल्टनच्या काळी 'आधीच येऊन गाठणे' असाही होता. सबुरी खरोखरच नेमल्या जागेच्या आधी येऊन त्या कुरकुरीला गाठते! हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

आघातांचेही तसेच. देणगी निरुपयोगी पडून असल्याचे सांगणारी चौथी ओळ रीत सोडून ठाशीव अक्षरानेच सुरू होते. शेवटच्या ओळीत मात्र पाचही आघात जागच्या जागी. तिष्ठत उभे राहणे हीही सेवाच, असे म्हणणारी ती ओळ स्वतःही स्थिर उभी असते.

आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकात ही कविता आढळली, तर आठवी ओळ त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि चौथ्या अक्षरावर त्यांना क्षणभर थांबवावे.