भंडाऱ्याहून गुलमर्गच्या बर्फाकडे

वैनगंगेच्या काठी वाढलेल्या ज्या तरुणांना हिमालयातील बर्फावर स्कीइंग शिकण्याची उत्कंठा आहे,
त्यांनी आधी ऋतू पाहावा, मग तिकीट काढावे.

काश्मीरमधील गुलमर्ग येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग शिकविणारी संस्था आहे.
तिचे वर्ग हिवाळ्यात भरतात;
म्हणून अर्जाची तजवीज आगाऊ करावी.

गुलमर्गची उंची २५०० मीटरांहून अधिक, आणि आपण सखल प्रदेशातले;
सबब पहिला दिवस विश्रांतीस द्यावा.

नवशिक्याने प्रथम पायांतील स्की आवरावयास शिकावे.

पुन्हा सांगतो:
आधी ऋतू, मग तिकीट.

आणि हिमस्खलनाचा इशारा असेल, त्या दिवशी उतारावर मुळीच जाऊ नका.