पाणी किती फुटावर?

जुलै उजाडला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर आधी विचारतो, ‘पाणी किती फुटावर हाय?’ पाणी म्हणजे पंचगंगेचं आणि फूट म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरचे. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण हाच माणूस रविवारी डबे बांधून राऊतवाडीच्या धबधब्याला किंवा बर्कीला निघाला, की पाण्याची चौकशी करत नाही. बातम्यांतलं पाणी शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी, असं त्यानं ठरवूनच टाकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की ती बातमी सहलीला निघालेल्याचीही आहे.

‘राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ बंधारे पाण्याखाली.’ ही नावं इतक्या वेळा ऐकलेली असतात, की कानावरून निघून जातात. पुढच्या वेळी यादीत भोगावतीवरचे हळदी, राशिवडे आलेत का, तेवढं ऐका. ते वरच्या अंगाचे बंधारे. तिथं पाणी चढलं, की काही तासांनी ते खाली पंचगंगेत उतरणारच. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. नदी आपल्या गावातल्या पावसानं चढत नाही, वरच्या गावातल्या पावसानं चढते.

पाऊस थांबला म्हणजे सुटलो, असंही नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव 347.50 फुटांवर, म्हणजे काठोकाठ भरला, की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. कुणी बटण दाबायची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. हिशेब केला तर एकच दरवाजा दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर नदीत रिकामे करतो. असे सात दरवाजे आहेत. ‘धरण 98 टक्के भरलं’ ही बातमी ऐकून आपण खूश होतो, व्हायलाच पाहिजे. पण त्या दिवशी भोगावतीच्या पात्रात उतरायचं नाही, हेही तीच बातमी सांगत असते.

पावसाचा संबंधच नाही अशीही एक नदी सांगतो. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, आणि ते भर उन्हाळ्यातही चालतं. कसं? घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरापलीकडे उतरवून भिऱ्याच्या वीजघरात नेलं जातं. 1927 पासून तिथं वीज तयार होते आहे. वीज करून झालं की ते पाणी कुंडलिकेला मिळतं. राफ्टवाले सकाळी त्या सुटणाऱ्या पाण्याचीच वाट बघतात. पाणी आलं की नदी वाहू लागते, बंद झालं की दगड उघडे पडतात. तेव्हा वर वीजघर किंवा धरण असलेल्या नदीच्या कोरड्या दगडावर सतरंजी अंथरायच्या आधी काठावरच्या माणसाला विचारावं, पाणी कधी सोडतात. भोंगा वाजला तर फोटो पुरा करायला थांबू नये.

आता ज्या जागेला लोक सगळ्यात कमी भितात तिच्याविषयी. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस सरला की घालतात. बरगे घातल्यावर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, आणि खाली बरग्यांवरून पातळ चादर पडत असते. दिसायला छान. पोरं नेमकी त्या चादरीखाली जातात. पण वरून पडणारं पाणी तळापर्यंत जातं, पुढं थोडं वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. तिथं नेहमी एखादी प्लास्टिकची बाटली, नाही तर नारळाची करवंटी फिरत असते. नीट बघा. ती धारेखाली जाते, बुडते, हातभर पुढं वर येते आणि परत धारेकडे ओढली जाते. तासन् तास. माणसाचंही तेच होतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचंही होतं; कारण त्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते, की अंग नीट तरंगत नाही आणि हात मारले तरी जोर लागत नाही. बाटली पुढं वाहून जात नसेल, तर तिथं उतरायचं नाही. वरच्या बाजूलाही सांभाळून. खालचे दोन-चार बरगे काढलेले असले, तर वर पाणी अगदी निवांत दिसतं आणि खाली त्या फटीकडे जबर ओढ असते.

घाटातल्या ओढ्यांची तऱ्हा निराळी. तिथं ना आकडा, ना भोंगा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते दृश्य आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. डोंगराचं पाणी असंच येतं, काही मिनिटांत. खुणा मात्र असतात. नितळ पाणी लालसर होऊ लागतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काडी रोवावी आणि अधूनमधून तिच्याकडे बघावं. काडी पाण्यात गेली, की आवराआवर. जाताना ओढा ओलांडावा लागला असेल, तर परतीचा ओढा तेवढाच असेल हे धरून चालू नये.

तलावाचं थोडक्यात सांगतो. तिथं बघायचा तो वारा. 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले, ते संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात. वळवाच्या दिवसांत दुपार कलली आणि पश्चिमेला ढग दाटले, की नावेत बसायचं नाही. मोठ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि पाण्याखाली काय आहे ते वरून कळत नाही, जुन्या गावाच्या भिंती असतात, झाडांचे बुंधे असतात, म्हणून सूर मारणं बाद.

राहता राहिलं लाइफ जॅकेट. बोटवाला देतो, आपण घेतो, आणि फळी टोचते म्हणून ते बुडाखाली घालून बसतो. ते अंगात घालायचं आणि पट्टे ओढून आवळायचे. खांद्याला धरून वर खेचलं आणि हनुवटीपर्यंत सरकलं, तर सैल आहे. दुसरं मागून घ्यायचं. नसेल, तर पुढच्या बोटीनं जायचं.