सासरी गेलेले शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चहाची व्यवस्था पाहते. यंदा चिटणीसबाईंनी मला बाहेर काढून माइकपुढे उभे केले. विषय तुम्हीच निवडा, म्हणाल्या. मी म्हटले, "मला आवडणारे इंग्रजी शब्द." त्यावर त्या हसल्या. तुमच्यापैकीही पुष्कळजणी आता हसत आहात, कारण इंग्रजीचे आणि माझे वैर दिघाशीत सर्वांना ठाऊक आहे.

मॅट्रिकला माझे बाकीचे सगळे विषय सुटले, इंग्रजी तेवढे राहिले. पस्तीस गुण लागत, मला मिळाले एकोणतीस. ऑक्टोबरला पुन्हा बसले, तेव्हाही तीन गुण कमी पडले. मग तुळशीचे लग्न लागले आणि पाठोपाठ माझेही. सासरी आले, चूल-शेत-मुले यांत दिवस गेले. पण ते सहा गुण आणि हे तीन गुण मी कधी विसरले नाही. फॉर्म भरताना इंग्रजी अक्षरे दिसली की हात थबके. मी म्हणे, ही भाषा आपल्या घरची नव्हे.

दोन वर्षांपूर्वी नातीच्या शाळेत पालकांची सभा होती. घरात कोणाला सवड नव्हती. मी म्हटले, "मी येते." नात म्हणाली, "आजी, तू नको येऊस. तू इस्टाप म्हणतेस." पोर लहान आहे. मला दुखवावे असे तिच्या मनात नव्हते. जे खरे तेच ती बोलली. सभेला तिचे वडील खाडा करून गेले आणि मी भाताला आधण ठेवले. पण त्या दिवशी भात करपला.

त्यानंतर काही महिन्यांनी ती शाळेतून रडत आली. वहीवर लाल फुली होती. 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचे अनेकवचन 'गीस'. म्हणून तिने 'मंगूस'चे अनेकवचन 'मंगीस' केले होते. बाईंनी ते खोडून 'मंगूसेस' लिहिले होते. "असे का?" म्हणून ती विचारीत होती. तिच्या वडिलांचा जाडजूड इंग्रजी कोश फळीवर होता. तो आम्ही दोघींनी खाली काढला. ती पाने उलटू लागली, मी चष्मा लावून शेजारी बसले. शब्द सापडला. त्याच्या पुढे बारीक अक्षरांत एक शब्द होता. मी अक्षर अक्षर लावले आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. तिथे छापले होते, 'मराठी'.

भगिनींनो, इंग्रजांचा मंगूस म्हणजे आपल्या परसातले मुंगूस! त्याचा त्या गूस पक्ष्याशी काही संबंध नाही. म्हणून त्याचे अनेकवचन त्या पक्ष्यासारखे होत नाही. इंग्रजी व्याकरणाची एक गाठ सुटली ती आपल्या कुंपणापाशी. नातीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याने माझे नऊ गुण भरून आले असे मी म्हणणार नाही, पण काहीतरी भरून आले खरे.

तेव्हापासून आम्हा आजी-नातींना हा छंदच लागला आहे. रात्री जेवणे आटोपली की ती कोश उघडते आणि आम्ही आपल्या मुली शोधतो. मुलीच म्हणायच्या; कारण हे शब्द आपल्या देशात जन्मले, इथे वाढले आणि गलबतात बसून सासरी गेले. सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलते, पदर घेण्याची तऱ्हा बदलते. पण माहेरचा माणूस चालण्यावरून ओळखतोच.

आता पाहा, आपला तालुका कापडाचा. भिवंडीच्या मागांचा खडखडाट आपल्यापैकी कितीजणींच्या घरचा पगार आहे. तर कापडापासूनच सुरुवात करते. 'चिंट्झ' हा विलायती बायकांच्या पडद्यांचा, गाद्यांच्या अभ्र्यांचा फुलाफुलांचा कपडा. तो म्हणजे आपले चीट; मूळ शब्द छींट, म्हणजे शिंतोडे. 'कॅलिको' कालिकतची. 'बंडाना' म्हणजे बांधणी. आणि मजुरांचा, गिरणीतल्या कामगारांचा जाड कपडा 'डंगरी' हा 'डुंगरी' नावाच्या जाड्याभरड्या कापडावरून आला, आणि त्या नावाचा संबंध कोशकार मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. ज्या डोंगरीहून आपली माणसे गाडी पकडून परत येतात, ती डोंगरी जगभरच्या कामकऱ्यांच्या अंगावर आहे.

घरात या. 'कॉट' म्हणजे खाट. 'बँगल' म्हणजे बांगडी. 'चिट' म्हणजे चिठ्ठी. ताडीची 'टॉडी' झाली, हे आपल्या भागात फारसे समजावून सांगायला नको! डोक्याला लावतात तो 'शांपू' आपल्या चंपीचा. पूर्वी त्या शब्दाचा अर्थ अंग चेपणे एवढाच होता. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढले आणि तिथल्या राजालासुद्धा चंपीची गोडी लावली. पुढे अंग चेपणे मागे पडले, केस धुणे राहिले.

स्वयंपाकघरातली एक जोडी मला फार आवडते. मुले खातात ती 'कँडी'. संस्कृतात खंड म्हणजे साखरेचा खडा. त्याचे फारसी-अरबीत 'कंद' झाले आणि तिथून युरोपात 'कँडी'. आणि तो कंद आपल्या घरात दुसऱ्या वाटेने परत आला आहे. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर, गुलकंद! एक बहीण विलायतेत, दुसरी विड्यात. तसेच 'ऑरेंज'. मूळचे नारंग, फारस, अरबस्तान, स्पेन असे फिरत गेले, आणि वाटेत कुठेतरी त्याचा पहिला 'न' गळून पडला. 'क्रिम्झन' म्हणजे गडद लाल रंग. पूर्वी हा रंग एका किड्यापासून काढीत. किडा म्हणजे कृमी. आज अध्यक्षबाई नेसल्या आहेत त्या लुगड्याच्या रंगाला आपण किरमिजी म्हणतो. 'क्रिम्झन' तिची सख्खी बहीण.

पण माझा सर्वांत लाडका शब्द तुम्ही रोज ऐकता. 'गोडाऊन'. भिवंडीच्या रस्त्यांवर जिकडे पाहावे तिकडे त्याच्या पाट्या. माझी इतकी वर्षे समजूत होती की 'गो' म्हणजे जा आणि 'डाऊन' म्हणजे खाली. माल खाली उतरवतात म्हणून गोडाऊन. तुम्हीही तेच समजत असाल. तसे मुळीच नाही. हा शब्द इंग्रजी नव्हेच. तमिळ-तेलुगूत माल साठवण्याच्या जागेला ज्या अर्थाचा शब्द होता, तो मलाया देशात गेला, पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी उचलला आणि इंग्रजांनी आपल्या जिभेला सोसेल असा करून घेतला. आपले 'गुदाम' त्याच घरचे. साहेबाच्या भाषेतला म्हणून ज्याला आपण मान देतो, तो टोपी घातलेला आपलाच गुदाम.

आता कोणी म्हणेल, ही बाई आपल्याच मुलींचे कौतुक सांगते. तर सुनांचेही सांगते. आपल्याकडे सुना पुष्कळ आल्या आहेत. वसई इथून फार लांब नाही. १५३४ पासून १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. चावी, पगार, घमेले, पाव, बटाटा, काजू हे सगळे पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. बटाट्याशिवाय उपास होत नाही आणि पगाराशिवाय महिना उलटत नाही. आता त्यांना परके कोण म्हणेल? आणि माझा तो 'इस्टाप'? लॅटिन भाषेत शाळेला 'स्कोला' म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे 'एस्कोला' केले, स्पेनच्या लोकांनी 'एस्क्वेला'. सुरुवातीचा जोडाक्षराचा 'स' त्यांच्याही जिभेला अवघड गेला, तेव्हा त्यांनी पुढे एक स्वर जोडून घेतला. आपण 'इस्कूल' म्हणतो ते वेगळे काय करतो? हे नातीला दाखवले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तू पोर्तुगीज बोलतेस."

इथपर्यंत सगळी गंमत. आता जे सांगण्यासाठी खरोखर उभी राहिले ते सांगते.

१८८६ साली यूल आणि बर्नेल या दोन इंग्रजांचा एक कोश प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले शब्द त्यात आहेत. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा घोष गोऱ्या शिपायांना जसा ऐकू आला, तसे ते नाव! त्याच्याही आधी, १८३१ साली, मोल्सवर्थसाहेबांनी आपल्या मराठीचा मोठा कोश केला. लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणत. शास्त्रीपंडितांना हाताशी धरून, शेतातले, घरातले, बाजारातले शब्द त्यांनी गोळा केले. परक्या माणसांनी एवढे कष्ट घेतले. सासरच्यांनी आपल्या मुलींची नावे जपून लिहून ठेवली.

आणि माहेरी काय चालले आहे? परवा नातीने मला विचारले, "आजी, राब म्हणजे काय?" मी सांगितले, भाताची रोपे करण्याआधी पालापाचोळा घालून जमीन भाजतात तो राब. मग 'आवण' सांगितले. 'इरले' सांगितले. 'कणगी' सांगितली. ती म्हणाली, "दाखव ना." भगिनींनो, मी तिला काय दाखवू? आमच्या घरात आता कणगी नाही, प्लास्टिकचे पिंप आहे. इरले शेवटचे मी पाहिले ते सासूबाईंच्या पाठीवर. मुंगूस आणि चीट सातासमुद्रापार सुखरूप आहेत; आणि आपल्या दारातले शब्द मात्र जमीन विकली जाते तसे एकेक करून जात आहेत. गुदामे येऊ नयेत असे मी म्हणत नाही. माझा मुलगा तिथेच कामाला आहे. पण खाचरावर गुदाम उभे राहिले की खाचराबरोबर दहा-वीस शब्दही त्याखाली जातात, आणि त्यांचा मोबदला कोणी देत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. चहाच्या टेबलावर मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने त्यात एक शब्द लिहावा. सासूने बोललेला, आईने बोललेला, लावणीतला, मळणीतला, जात्यावरचा, बाळंतिणीच्या खोलीतला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावा, माझी नात लिहील. शुद्धलेखन ती पाहील. अर्थ मात्र तुम्ही सांगायचा, कारण तो कोणत्याच कोशात सापडेल याची खात्री नाही. वही मंडळाच्या कपाटात राहील. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत दोन पाने तिला मिळावीत अशी चिटणीसबाईंना विनंती आहे.

जाता जाता एवढेच सांगते, गेल्या महिन्यात शाळेत पुन्हा सभा होती. मी नऊवारीची घडी मोडून तयार झाले. नात "ये" म्हणाली नाही, पण "नको" असेही म्हणाली नाही. कोपऱ्यावर आल्यावर मी म्हटले, "इस्टाप आला." ती माझा हात धरून पुढे चालू लागली.

आता मला चहा पाहिला पाहिजे. मघापासून वास येतो आहे, बहुतेक उतू गेला.