लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याची शंका

वस्तू घडवताना ती घडवणाऱ्याच्या सोयीपेक्षा वापरणाऱ्याची सवय, ताकद, ऐपत आणि शंका आधी विचारात घेणे, याला आज वापरकर्ताकेंद्री अभिकल्प म्हणतात. हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) त्या वाटेने गेले होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकताना रंग ओळखण्यातला दोष आड आल्याने ते यंत्ररेखाटनाकडे वळले, काही वर्षे तो विषय शिकवून बेळगावात सायकलींच्या दुकानात रमले आणि तेथूनच कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे आले.

काळ्या रानात हरळी हे खोल मुळ्यांचे तण फार चिवट असते. लाकडी नांगराचा फाळ जमीन नुसती चिरतो, त्यामुळे मुळ्या खाली जिवंत राहतात. लोखंडी नांगरात फाळामागे बाक दिलेले रुंद पाते असते, त्यावर चढून मातीचा थर तासात पालथा पडतो आणि मुळ्या उन्हाला लागतात. तरीही पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. ही समजूत बहुधा हसण्यावारी नेली जाते, आणि ते बरोबर नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. ओतीव लोखंड तडकले तर ऐन हंगामात कोणाकडे जावे, या प्रश्नाला गावात उत्तर नव्हते, म्हणून त्या नकारात अडाणीपणापेक्षा हिशेबच अधिक होता. लक्ष्मणरावांनी वाद घालण्याऐवजी नांगर सुधारला, आणि पुढे जमीन व बैलजोड्या पाहून हलके-जड असे निरनिराळे नांगर कारखान्यातून निघू लागले.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनाजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या व त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये गिऱ्हाइकांशी संबंध राहावा म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. त्याचेच पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या हाती एक नावाजलेले मासिक झाले, आणि नांगर कधीही न धरलेली माणसेही ते वाचू लागली.