आधी कान, मग जीभ



इंग्रजी उच्चार चुकला की मुलाला हसायचे, ही आपली जुनी खोड आहे. अशा वेळी स्पॅनिश भाषिकांकडे पाहावे. त्यांची भाषा जगातील मोठ्या भाषांपैकी एक. पण तिच्यात स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. ब्रिटिश इंग्रजीत, संयुक्त स्वर धरून, वीसच्या आसपास. त्यामुळे माद्रिदच्या विद्यार्थ्याला ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी सारखेच ऐकू येतात. ‘स्कूल’ला तो ‘एस्कूल’ म्हणतो. आपल्या घरांतही ‘इस्कूल’ म्हणतातच ना! हा बुद्धीचा दोष नव्हे, मातृभाषेचे वळण आहे.

मग उपाय काय? कानाला न कळलेला फरक जिभेला साधत नाही. म्हणून शिक्षकाने जोडीतला एक शब्द उच्चारावा आणि विद्यार्थ्याने जहाज की मेंढी, ते चित्रावर बोट ठेवून दाखवावे. कान तयार झाला की आरसा घ्यावा. ‘शीप’ म्हणताना ओठ फाकतात, जीभ वर जाऊन ताणते. ‘शिप’ला ती किंचित खाली, सैल राहते. नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाने भागत नाही. शेवटी तेच शब्द वाक्यांत बोलावेत.

पालकहो, हा सराव आपल्या मुलांनाही लागू आहे. घरी रोज दहा मिनिटे तो करून घ्या. हसू मात्र नका. ज्याला हसतात ते मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्याचा उच्चार कधीच सुधारत नाही.