तेरा वॉल्ट्झ



बक्षीस समारंभ आत्ताच पार पडला. दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र घेऊन जागेवर परतणाऱ्या एका मुलीचा चेहरा मी इथून पाहत होतो. माझ्या आवडत्या पियानोवादकाला आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत दुसरंच बक्षीस मिळालं होतं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतो. माझा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा. चाळीस वर्षं कानाला हेडफोन लावून मी दुसऱ्यांचं संगीत टिपलं, आणि ज्याचं ध्वनिमुद्रण आपल्या हातून व्हायला हवं होतं असं मनापासून वाटतं, तो कलावंत माझ्या जन्माआधीच गेला.

त्याचं नाव दिनू लिपाती. रुमानियातल्या बुखारेस्टचा, जन्म 1917चा. वडील व्हायोलिन वाजवायचे, आई पियानो. मुलगा इतका नाजूक प्रकृतीचा की त्याचं शालेय शिक्षण बरंचसं घरीच झालं. 1933मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांमध्ये आल्फ्रेड कोर्तो हा फ्रान्सचा थोर पियानोवादक होता. हा निकाल त्याला इतका अन्यायाचा वाटला की त्याने परीक्षकपदाचा राजीनामा दिला. पुढे लिपाती पॅरिसला त्याच्याचकडे शिकायला गेला. नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडेही शिकला. त्यांना तो संगीतातली आपली दुसरी आई मानायचा.

महायुद्ध चालू असताना, 1943मध्ये तो मायदेश सोडून जिनिव्हात आला आणि तिथल्या संगीत विद्यालयात शिकवू लागला. काही वर्षांतच आजाराचं निदान झालं. हॉजकिन्सचा आजार, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आज त्यातले बरेच रुग्ण बरे होतात. त्या काळी तशी आशा नव्हती.

आता माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. लिपातीची ध्वनिमुद्रणं फार थोडी आहेत. आजारपण हे एक कारण, आणि त्याचा स्वभाव हे दुसरं. कोलंबिया कंपनीच्या वॉल्टर लेग या निर्मात्याने बीथोव्हेनच्या पाचव्या कन्चेर्टोचा, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या पियानोरचनेचा, विषय काढला, तेव्हा तयारीला चार वर्षं लागतील असं लिपातीने सांगितलं. चायकोव्हस्कीच्या कन्चेर्टोसाठी तीन. हे सांगणारा माणूस कच्चा नव्हता. ग्रीग आणि शूमानचे कन्चेर्टो त्याने 1947 आणि 1948मध्ये मुद्रित केले आणि जाणकार आजही ते ऐकतात. पण एखादी रचना आपल्या हातात पुरती मुरल्याशिवाय ती लोकांपुढे न्यायची नाही, हा त्याचा नेम होता. आपल्याकडचे जुने गवई एकच राग वर्षानुवर्षं घोटायचे, त्याच जातीचा हा माणूस.

1950च्या उन्हाळ्यात त्याला कॉर्टिसोन हे तेव्हा अगदी नवं आणि फार महाग असलेलं औषध मिळालं. मित्रांनी खर्च उचलला. थोडी ताकद आली, पण ती टिकणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. लेग ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री घेऊन जिनिव्हाला पोहोचला. जुलैच्या सुमारे दहा दिवसांत तिथल्या रेडिओ स्टुडिओत बाखची पहिली पार्टिटा, मोझार्टचा ए मायनर सोनाटा आणि शोपँचे चौदा वॉल्ट्झ टिपले गेले. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या झुलत्या ठेक्यावरच्या रचना. मी ते मुद्रण शेकडो वेळा ऐकलं आहे. त्यात कुठेही आजारी माणूस ऐकू येत नाही. सूर स्वच्छ, बोटं हलकी, कशाचीही घाई नाही.

16 सप्टेंबरला फ्रान्समधल्या बेझांसाँ गावी त्याची मैफल ठरली होती. डॉक्टर नको म्हणत होते. त्याने शब्द दिला होता, म्हणून इंजेक्शनं घेऊन तो गेला. रेडिओने ती मैफल टिपून ठेवली आहे. सुरुवातीला, बाखच्या आधी, तो पियानोवर हलकेच काही स्वर फिरवतो. गवयाने षड्ज लावून पाहावा तसा. स्टुडिओच्या मुद्रणात आम्ही असले क्षण कापून टाकतो. इथे तो क्षण राहून गेला, आणि मला तो सगळ्या मैफलीइतकाच मोलाचा वाटतो. बाख झाला, मोझार्ट झाला, शुबर्ट झाला. मग शोपँचे चौदा वॉल्ट्झ. तेरा वाजवून झाले आणि शक्ती संपली. चौदावा त्याच्याने होईना. त्याऐवजी त्याने बाखची एक छोटी प्रार्थना वाजवली आणि तो उठला.

2 डिसेंबर 1950 रोजी जिनिव्हात तो गेला. वय 33.

आणखी एक हकिकत सांगायलाच हवी. साठच्या दशकात शोपँच्या ई मायनर कन्चेर्टोचं एक मुद्रण लिपातीचं म्हणून बाजारात आलं. लोकांनी ते वर्षानुवर्षं त्याचंच म्हणून ऐकलं. 1981मध्ये बीबीसीवर ते लागलं, तेव्हा एका श्रोत्याच्या कानाला ते ओळखीचं वाटलं. ते होतं हालिना चेर्नी-स्टेफान्स्का या पोलिश पियानोवादिकेचं. म्हणजे एवढी वर्षं एका बाईंच्या कष्टाची दाद दुसऱ्याच्या नावावर जमा होत राहिली. हे मला फार लागतं. तुमच्यापैकी जे उद्या स्टुडिओत काम करतील, त्यांनी प्रत्येक मुद्रणावर नाव, तारीख आणि जागा नीट लिहावी. तबलजीचं, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचं, सगळ्यांचं नाव लिहावं.

बेझांसाँचं ते ध्वनिमुद्रण आज सहज मिळतं. या सुट्टीत एखाद्या रात्री घरातले दिवे मालवून, मोबाइल दूर ठेवून ते सलग ऐका. वॉल्ट्झ मोजा. तेरा भरतील.