नळ्यांची गाडी आणि आरटीओचा शिक्का

धाटाव म्हटले, की बाहेरच्या माणसाला रसायनांचे कारखाने आठवतात आणि कुंडलिकेच्या पाण्याची काळजी आठवते. रोह्याजवळच्या या औद्योगिक वसाहतीत वावरणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट उठता-बसता दिसते, ती म्हणजे पाइप. टाकीतून रिअ‍ॅक्टरकडे, रिअ‍ॅक्टरमधून कंडेन्सरकडे, बॉयलरपासून शेडच्या पार टोकापर्यंत पाइपच पाइप. हे पाइप कोणीतरी मापात कापतो, वाकवतो आणि जोडतो. त्यामुळे नळ्या जोडणारे हात या पट्ट्यात चांगले तयार झाले आहेत. अ‍ॅरगॉन वेल्डिंग करणारा, जोडाचा एक्स-रे काढला तरी त्यात डाग सापडणार नाही असे काम करणारा कारागीर इथे नवलाईचा नाही.

अशा गावातल्या तरुणांच्या डोक्यात एक कल्पना घोळू लागली तर त्यात आश्चर्य नाही. परदेशात नळ्यांचा सांगाडा घरी उभारून, त्यावर इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा बसवून लोक डोंगर-नाले पालथे घालतात. काही जण तीच गाडी रीतसर नंबर घेऊन बाजारहाटालाही नेतात. मग आमच्या वेल्डरला ते का जमू नये? श्रोतेहो, या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अशी गाडी बांधायची कशी, हा एक. ती रस्त्यावर आणता येईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वर्कशॉपमध्ये मिळते, दुसऱ्याचे कायद्याच्या पुस्तकात.

आधी सांगाड्याबद्दल. आपल्याकडच्या बोलेरो, थार किंवा ट्रक यांच्या खाली शिडीसारखी चासी असते. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ती मजबूत असते, कारखान्यात झटपट तयार होते आणि तिच्यावर हवी ती बॉडी चढवता येते. खडकाळ जागी मात्र एक चाक वर, एक खाली अशी स्थिती आली, की शिडी पिळवटते. नळ्यांच्या सांगाड्यात ताकद एका पातळीत न राहता चहूबाजूंनी पसरते. नळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात आणि त्रिकोण हा असा आकार आहे, की बाजूंची लांबी बदलल्याशिवाय तो मोडत नाही. चौकोन मात्र कोपऱ्यात ढकलला, की कलतो. रेल्वेच्या जुन्या पुलांत त्रिकोणच त्रिकोण दिसतात, ते याच कारणाने.

नळीच का, भरीव सळई का नाही? वाकवणारा जोर आला, की धातूच्या बाहेरच्या थरावर सगळा ताण पडतो, मधला भाग जवळजवळ रिकामा बसलेला असतो. म्हणून मधला धातू काढून तो बाहेर पसरवला तर त्याच वजनात ताठपणा वाढतो. जाडी तीच ठेवून पातळ नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन साधारण दुप्पट होते, पण ताठपणा जवळपास आठपट. हिशेबासाठी सांगतो. ३८ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरला सुमारे २.६ किलो भरते. ४० मीटर नळी लागली, तर सांगाडा शंभर किलोच्या थोडा वर जातो.

इथे कारखान्यातल्या माणसाने एक काळजी घ्यायला हवी. पाइप आणि ट्यूब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाइप आतून काहीतरी वाहून नेण्यासाठी असतो आणि त्याचे माप नावापुरते असते. एक इंची पाइप मोजला, तर बाहेरून ३३.४ मिलिमीटर भरतो, दीड इंची ४८.३. ट्यूब ओझे पेलण्यासाठी असते. तिचा बाहेरचा व्यास आणि जाडी हेच तिचे माप, आणि तिच्या पोलादाचा दर्जा प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. भंगारात पडलेला पाइप आतून रसायनाने किती खाल्ला आहे, हे बाहेरून कळत नाही. ज्या नळीवर आपला जीव टांगायचा, तिचा जन्मदाखला हातात असलेला बरा.

पुढचे काम आपल्या लोकांच्या ओळखीचे आहे. एक नळी दुसरीला भिडवताना तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे कापावे लागते, म्हणजे ती दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसते. पाइपला फांदी काढताना कागदाचा टेम्प्लेट गुंडाळून खूण करतात, तीच रीत. आधी सगळा सांगाडा सपाट टेबलावर घट्ट बांधून नुसते टाके मारायचे, मापे पुन्हा तपासायची आणि मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे करत वेल्डिंग पुरे करायचे. एकाच बाजूने सलग गेलात, तर उष्णतेने सांगाडा ओढला जातो, चारही चाके एका पातळीत राहत नाहीत आणि गाडी जन्मभर एका अंगाला ओढते. वेल्डिंग चांगले असले तरी चीर बहुधा जोडाच्या शेजारी जाते, कारण तिथल्या धातूचा स्वभाव उष्णतेने बदललेला असतो. दोन-चार जोड मुद्दाम करून, ते तोडून पाहणारा कारागीर पुढे सुखाने झोपतो.

मग येतात इंजिन, गिअरबॉक्स, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक. हा माल बहुधा एखाद्या जुन्या जीपमधून काढतात. यातली सर्वात अवघड गोष्ट इंजिन बसवणे ही नव्हे. खड्ड्यात चाक हातभर वर-खाली झाले, तरी स्टिअरिंगचा दांडा स्वतःहून चाक वळवणार नाही आणि ब्रेकची नळी ताणून तुटणार नाही, हे जमवणे खरे अवघड. गाडी जितकी उंच उचलाल तितकी ती दगडांवरून सहज जाईल आणि वळणावर तितक्याच सहज उलटेल. उलटल्यावर वाचवायला डोक्यावर नळ्यांचा पिंजरा असतो खरा. पण शर्यतीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि अंग पट्ट्यांनी आसनाला जखडलेले असते. रस्त्यावर उघड्या डोक्याने बसलेल्या माणसाच्या कानाशेजारची तीच नळी साध्या धडकेतही जीव घेऊ शकते. कारखान्याच्या मोटारीचा पुढचा भाग धडकेत चुरगळतो, तो चुरगळावा म्हणूनच तसा केलेला असतो. नळ्यांचा ताठ सांगाडा चुरगळत नाही. बसलेला सगळा धक्का तो आतल्या माणसाला किंवा समोरच्या पादचाऱ्याला देतो.

इथून कायदा सुरू होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ३९व्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा. तेव्हा नदीचे पात्र किंवा समुद्राची पुळण म्हणजे आपले खासगी मैदान, असे समजू नये. फणसाडसारख्या अभयारण्याचे नियम तर आणखी वेगळे आणि कडक. ५२वे कलम सांगते, की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन लावून धावणाऱ्या 'जुगाड'लाही २०१३ मध्ये याच न्यायालयाने मोटार वाहन ठरवले. म्हणजे त्यालाही नोंदणी, विमा, परवाना सगळे आले.

काही जण एक पळवाट सुचवतात. जुनी जीप घ्यायची, तिची चासी कापून टाकायची आणि तिचा नंबर नव्या सांगाड्यावर बसवायचा. असे करू नका. चासी नंबर ही गाडीची ओळख आहे आणि तो कापून दुसरीकडे डकवण्याचे काम चोरीच्या गाड्यांच्या धंद्यात चालते. पोलिसांच्या नजरेत तुमची हौस आणि तो धंदा यांत फरक राहणार नाही. आपल्याकडची गंमत पाहा. कंपनीच्या चासीवर गावच्या कारागिराने बॉडी बांधायची, ही ट्रकधंद्यातली जुनी रीत आणि नियमात बसवून ती चालतेही. पण कंपनीचे इंजिन गावच्या कारागिराने बांधलेल्या चासीवर चढवले, की ते वाहन नवे ठरते आणि बांधणारा कायद्याच्या लेखी उत्पादक होतो.

उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाप्रमाणे नमुना तपासून घ्यावा लागतो. ही तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी काही आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवरची, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. ब्रेक, दिवे, आरसे, पट्ट्यांचे खिळे, आवाज, धूर असे सगळे तिथे पाहिले जाते. एप्रिल २०२० पासून धुराची पट्टी भारत स्टेज सहाची आहे, जुन्या जीपचे डिझेल इंजिन तिच्याजवळही पोचत नाही. प्रवासी मोटारींसाठी तर धडक-चाचणीही आहे. हजारो गाड्या विकणाऱ्याला एक आपटून पाहणे परवडते. ज्याने जन्मात एकच बांधली, त्याने तीच आपटून पाहिल्यावर रस्त्यावर काय आणायचे?

तरीही कोणी काही केलेच नाही, असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, पेणहून अलिबागला जाताना लागणाऱ्या कार्लेखिंडीत, गिडो बोथे आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने नळ्यांच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवलेली 'रोडस्टर' बनवली. इंजिन इसुझुचे, १.८ लिटरचे, जे एकेकाळी कॉन्टेसात येत असे. तिचे रूप इंग्लंडच्या १९५७ सालच्या 'लोटस सेव्हन'वरून घेतलेले. ती मूळ गाडी सुट्या भागांत विकली जाई, कारण भागांवर पुऱ्या गाडीचा कर लागत नसे, आणि गिऱ्हाइके ती घरच्या गॅरेजात जोडत. नळ्यांची गाडी बांधायला अवाढव्य कारखाना लागत नाही, एवढे तरी कार्लेखिंडीने दाखवले.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून, बातम्यांनुसार सुमारे ६० हजार रुपयांत, एक छोटी चारचाकी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर पोचले. आनंद महिंद्रा यांनी कल्पकतेला दाद दिली, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या थांबवली जाईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. गोष्ट गोड झाली. पण देशात अशा प्रत्येक कारागिराला बोलेरो देणारा कोणी भेटणार नाही. त्याच्या हातच्या गाडीला तपासून 'हो' किंवा 'नाही' म्हणणारी खिडकी असती, तर बरे झाले असते.

अशी खिडकी जगात आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेका वाहनाला मंजुरी देण्याची पद्धत आहे. घरी बांधलेली गाडी तपासनीसापुढे न्यायची. तो ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, पट्टे आणि बाहेर आलेल्या धारदार कडा पाहतो. नापास झाली तर कारण लिहून देतो, दुरुस्त करून पुन्हा न्यायची. गाडी आपटून पाहण्याची गरज पडत नाही. आपल्याकडे सामान्य माणसाला एकच गाडी बांधून नोंदवण्याची अशी सरळ वाट नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलेबाळे चालतात, म्हणून नियम कडकच हवेत. पण कडक परीक्षा घेणे आणि परीक्षेला बसूच न देणे यांत फरक आहे. दारच बंद असेल, तर लोक कुंपणावरून उड्या मारतात, आणि न तपासलेली गाडी रात्रीच्या अंधारात रस्त्यावर येते. तिला विमा नसतो. अपघात झाला, तर समोरच्याचे घर उघड्यावर पडते आणि बांधणाऱ्याचेही.

मग आज आमच्या तरुणाने काय करावे? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा आहे. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या मैदानावर तिच्या अनेक फेऱ्या झाल्या आहेत. तिच्या नियमांत मुख्य नळीचा व्यास, जाडी, पोलादातला कार्बन असे सगळे नेमून दिलेले असते आणि तपासल्याशिवाय गाडी धावू देत नाहीत. ज्यांचे कॉलेज झाले नाही, त्यांनीही ती नियमावली मिळवून आपली गाडी तिच्या कसोटीला लावावी. गोव्यात २०१४ पासून सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धा आहेत. आपल्या रानात किंवा मालकाची परवानगी असलेल्या जमिनीवर, हेल्मेट घालून, पट्टे आवळून ती चालवावी. तिथवर न्यायची झाली, तर टेम्पोच्या पाठीवर घालून न्यावी. त्यात कमीपणा नाही, शर्यतीचा घोडाही मैदानापर्यंत गाडीतूनच जातो.

आणि ज्यांच्या हाती नियम करणे आहे, त्यांनी वेल्डरच्या हातातल्या या विद्येकडे एकदा नीट पाहावे. कारखान्यातला जोड एक्स-रेत पास झाला नाही, तर तो कापून पुन्हा करायचा, ही शिस्त या माणसाच्या अंगात मुरलेली आहे. त्याला सूट नको आहे. एक तपासनीस, एक ठरलेली फी आणि नापास झाल्यास कारण लिहिलेला कागद, एवढे दिले तरी पुष्कळ झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)